आप्पासोंचा कंजूस डायनो

उंब्रजच्या पुढं हायवेच्या कडेला एक पत्र्याची शेड आहे. तिच्या आतल्या भिंतीवर पाटी आहे: 'इथे गाडी फक्त पंपाच्या पेट्रोलवर तपासली जाईल. आकडा येईल तो घ्यावा. वाद घालू नये.' ही पाटी वाचूनही वाद न घालणारा माणूस आप्पासोंना नऊ वर्षांत भेटलेला नाही.

आप्पासो फौजेतले हवालदार. बावीस वर्षं त्यांनी फौजेच्या गाड्या दुरुस्त केल्या, लेहपासून जोधपूरपर्यंत. पेन्शनीवर आले तेव्हा भावकीनं सांगितलं, आता ऊस बघा, जमलं तर सोसायटीला उभे राहा. आप्पासोंनी दोन्ही ऐकलं नाही. पुण्यातलं एक तपासणी केंद्र बंद पडलं होतं, तिथला डायनो त्यांनी ट्रकात घालून गावाकडं आणला. डायनो म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेले जाडजूड लोखंडी रोलर. गाडीची चाकं त्यावर चढवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची, नाकासमोर मोठा पंखा लावायचा आणि ॲक्सिलरेटर तळाला दाबायचा. गाडी जागच्या जागी पळते, रोलर फिरतात आणि चाकांपर्यंत किती घोड्यांची ताकद पोचली ते संगणक कागदावर छापून देतो. एवढं सरळ काम. यात भांडायला जागा कुठं आहे, हे आप्पासोंना अजून सापडलेलं नाही. गिऱ्हाइकांना मात्र ती आल्या आल्या सापडते.

गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक टर्बोच्या गाड्यांची पोरं. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्यामुळं लहान इंजिनही मोठी ताकद देतं. त्यात आणखी कुणाकडून तरी गाडीतल्या संगणकाची सेटिंग बदलून घ्यायची, सायलेन्सर बदलायचा, आणि मग आकडा बघायला आप्पासोंकडं यायचं. आकडा बघितला की तोंडं पडायची.

"आप्पा, लय कमी दावतंय वो. कंपनीच्या कागदावर एकशे अठरा हाय, आन् हितं शंभर?"

"कंपनी इंजिनाचं सांगती. मी चाकाचं सांगतो. विहिरीवरनं सोडल्यालं पाणी शेवटच्या सरीला तेवढंच पोचतं व्हय? मधी गिअरबॉक्स पितो, एक्सल पितो, टायर पितो."

"पर पुण्याच्या मशिनवर जास्त आलं हुतं."

"मग ऱ्हायला जावा पुण्याला."

दिवसातून तीनदा हेच. उन्हाळ्यात चारदा. गरम हवेत इंजिनाची ताकद घटते, ती भरून काढायची सोय डायनोच्या संगणकात असते; दुसऱ्या शेडांमधून हा हवामानाचा आकडा हवा तसा भरून घोडे वाढवून देतात, हे आप्पासोंना माहीत होतं. वारुळात पाय पडला की मुंग्या चावाव्यात तशी त्यांची चिडचिड व्हायची. हळूहळू साताऱ्यापासून सांगलीपर्यंत त्यांच्या मशीनला नाव पडलं, कंजूस डायनो.

आप्पासोंना खरा राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. या पोरांच्याच घरी विहिरीवर दहा एचपीची मोटर असते आणि तिच्यावर पत्रा साडेसातचा ठोकलेला असतो, बिल कमी यावं म्हणून. वायरमन आला की बाप शपथेवर सांगतो, साडेसातच हाय साहेब. त्याच बापाचा पोरगा शंभर घोड्यांची गाडी घेऊन येतो आणि शपथेवर सांगतो, दीडशे हायत आप्पा. "एकाच घरात एक घोडं लपवायचं, दुसरं फुगवायचं," आप्पासो म्हणायचे, "एकदा बापलेक बसून हिशेब जुळवा की रं!"

पंपाच्या पेट्रोलचा नियमही असाच रागातून आलेला. कुणी डब्यातून थिनर आणायचा, कुणी शर्यतीचं महागडं इंधन, कुणी रंगीत बाटलीतलं औषध. टर्बोच्या इंजिनात हवा दाबून भरलेली असते. पेट्रोल हलकं असेल तर ते वेळेआधीच पेटतं, इंजिन आतून ठोके देतं, त्याला नॉक म्हणतात. आजकालच्या गाडीचा संगणक तो नॉक ऐकतो आणि इंजिन वाचवण्यासाठी ताकद खाली ओढतो. म्हणून पेट्रोल बदललं की आकडा बदलतो, आणि दोन गाड्यांची तुलना करायची तर दोन्हींत सारखंच पेट्रोल पाहिजे. जे रोज पंपावर मिळतं, जे घालून तुम्ही रोज फिरता, त्यावर गाडी काय दाखवते ते खरं. आप्पासोंचा हा सिद्धांत होता, आणि तो सांगताना ते टेबलावर पाना आपटायचे. कुणी फारच वाद घातला तर शेवटचं वाक्य ठरलेलं, "मशीन खोटं बोलत न्हाई. गाडीत काय हाय ते बघ!"

तर यंदा आल्याच्या पिकाच्या फवारणीच्या दिवसांत दोन पोरांनी त्यांचं डोकं उठवलं. एक साताऱ्याचा शिवतेज, दुसरा सांगलीचा धैर्यशील. दोघांची गाडी एकाच कंपनीची, इंजिन एकच, टर्बोही एकच. शिवतेजकडं पुण्याचा कागद होता, एकशे त्रेसष्ट घोडे. धैर्यशीलकडं कोल्हापूरचा, एकशे अठ्ठावन्न. पाच घोड्यांवरून मोबाईलच्या ग्रुपवर सातारा आणि सांगली महिनाभर भांडत होते. शिवतेज मागं एकदा आप्पासोंकडं येऊन गेला होता. इथं त्याचा आकडा आला होता एकशे अठ्ठावीस, आणि तो कागद त्यानं दारातच फाडला होता.

अखेर ठरलं, दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच मशीनवर, पंपाच्या पेट्रोलवर. मशीन आप्पासोंचं, कारण ते दोघांनाही सारखंच नावडतं होतं. तरी सांगलीकर म्हणाले, शेड सातारा जिल्ह्यात हाय. सातारकर म्हणाले, आप्पांची सासुरवाडी तासगावची हाय. आप्पासोंनी कपाळाला हात लावला.

"आप्पा, एक अट हाय," शिवतेज म्हणाला. "आदी तुमची सोताची गाडी चढवायची. ती कायम शंभर दावती म्हणता न्हवं? दावली तर मशीन खरं."

आप्पासोंची गाडी हीच त्यांची कसोटी होती. छोटी टर्बो पेट्रोल, कशालाही हात न लावलेली. दर महिन्याला ते ती मशीनवर चढवायचे आणि ती दर महिन्याला शंभर दाखवायची. फार तर एखादा घोडा इकडं तिकडं.

"चढवतो की!" आप्पासो भडकले. "आन् ऐक. मशीन खोटं निघालं तर ह्या शेडला कुलूप, आन् किल्ली तुज्या हातात. पुन्यांदा हितं गाडी चढणार न्हाई."

अति राग भीक माग, असं त्यांच्या आई म्हणायच्या. पण बोलून गेलं ते गेलं. आणि हे मशीन म्हणजे आप्पासोंचं फौजेनंतरचं सगळं आयुष्य होतं.

शनिवारी दुपारी ते शेडमध्ये रोलर पुसत होते. गाडी घरी होती. टाकी त्यांनी मुद्दाम रिकामी होत आणली होती, ताजं पेट्रोल भरायचं म्हणून. त्यांनी घरी सुलाबाईंना फोन लावला. सुलाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. शेतीचं सगळं त्यांच्याच अंगावर, आणि गाडी काढून एकटी औंधच्या यमाईला जाऊन येणारी बाई.

"उद्या गाडी मशीनवर चढवायची हाय. टाकीत पंपाचंच पेट्रोल घाल. दुसरं कायबी घालू नगंस."

पलीकडून सुलाबाई "आवं, पर त्ये..." असं काहीतरी म्हणत होत्या. आप्पासोंनी फोन ठेवला. एकदा सांगितलेलं दोनदा सांगायची त्यांना चीड होती.

रविवारी सकाळी नऊला शेडसमोर वीस-बावीस गाड्या लागल्या. एका बाजूला सातारा, दुसऱ्या बाजूला सांगली, मधे वडापावची गाडी. आप्पासोंनी स्वतःची गाडी रोलरवर घेतली, पट्टे आवळले, पंखा लावला. सगळ्यांनी मोबाईल वर धरले. आप्पासोंनी चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला नेला. पंख्याचा आणि रोलरचा आवाज पत्र्यात घुमला. संगणकावर रेघ चढत गेली आणि मधेच, कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवावा तशी, सपाट झाली.

सत्त्याऐंशी.

आप्पासोंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पट्टे पुन्हा आवळले, इंजिन थंड होऊ दिलं. दुसऱ्यांदा शहाऐंशी. तिसऱ्यांदा पुन्हा सत्त्याऐंशी. त्यांच्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. त्यांनी रोलरचं बेअरिंग बघितलं, संगणकाच्या वायरी काढून पुन्हा लावल्या, केबलला शिव्या दिल्या. नऊ वर्षं ज्याच्या जिवावर सगळ्या जिल्ह्याशी भांडलो, त्यानं ऐन वेळी सगळ्यांसमोर नाक कापलं, असं त्यांच्या मनात आलं.

पण खरा वैताग पुढंच होता. त्यांना वाटलं होतं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. उलट बावीस चेहऱ्यांवर दिवाळी आली.

"म्हंजी मशीन कमी दावतंय!" शिवतेजनं मोबाईलवर गणित केलं. "पंधरा टक्के! आप्पा, म्हंजी माजी एकशे सत्तेचाळीस हुती की!"

"माजी एकशे वीस हुती, ती किती झाली रं?"

"एकशे अडतीस!"

ज्यांचे कागद नऊ वर्षांत फाटले होते, त्या सगळ्यांचे घोडे पाच मिनिटांत वाढले. मशीन खोटं निघालं म्हणून त्या शेडमध्ये इतका आनंद झाला की वडापाव संपले. धैर्यशील तर आप्पासोंच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "आप्पा, कुलूप कशाला लावताय? मशीन ऱ्हाऊ द्या असंच. फकस्त कागदावर पंधरा टक्के चढवून देत जावा. मग तुमच्यासारखा डायनो न्हाई बगा सगळ्या पट्ट्यात."

"भाईर व्हा," आप्पासो म्हणाले. "समदी भाईर व्हा."

त्यांनी आपली गाडी उतरवली, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली शिवतेजच्या हातावर ठेवली. दोन्ही स्पर्धकांच्या गाड्या मशीनवर चढल्याच नाहीत. त्याची कुणालाही आठवण राहिली नव्हती.

घरी आले तेव्हा सुलाबाई आल्याच्या वावराच्या बांधावर उभ्या होत्या. पाठीवर फवारणीचा पेट्रोल पंप, तोंडाला स्कार्फ, आणि डोळ्यांत भरपूर राग.

"आवं, पंपाचं पेट्रोल संपलं. आता मी काय घालू ह्यात? करपा पडलाय पानांवर, आन् तुमी समदा डबा गाडीत वतायला लावला."

आप्पासो जागेवर थांबले. "कसला डबा?"

"कसला म्हंजी? पंपाच्या पेट्रोलचा! तुमीच फोनवर म्हणालासा न्हवं का, पंपाचंच घाल, दुसरं कायबी घालू नगंस. साधं पेट्रोल बी हुतं घरात. मी तेच इचारत हुते, तर तुमी फोन ठिवला."

गोठ्याच्या भिंतीशी दहा लिटरचा निळा डबा रिकामा पडला होता. त्याच्यावर लाल ऑइलपेंटनं ठळक लिहिलं होतं, 'पंपाचं पेट्रोल'. अक्षर आप्पासोंचं. फवारणीच्या पंपाचं इंजिन लहान, टू-स्ट्रोक. त्याच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं. लिटरला चाळीस मिली, माप घेऊन, गेल्या पावसाळ्याआधी आप्पासोंनी स्वतःच्या हातानं मिसळून ठेवलं होतं. ऑइल घातलेलं, शिळं, हलकं पेट्रोल. टर्बोनं हवा दाबली, पेट्रोल आधीच पेटलं, नॉक झाला, संगणकानं ताकद खाली ओढली. तेरा घोडे. दुसरी कुठली गाडी असती तर आप्पासोंनी पहिल्या रनलाच ओळखलं असतं आणि गाडीवाल्याला सोलून काढलं असतं.

त्यांनी गाडी सुरू करून मागं जाऊन बघितलं. धूर निळसर होता, आणि वास तर सरळ फवारणीच्या पंपाचा. तो वास सकाळपासून त्यांच्या नाकात होता.

"तुला कळू ने व्हय गं? गाडीत कुणी ऑइलचं पेट्रोल घालतं?"

"मला वाटलं, शर्यतीला तसलं लागत आसंल. तुमी घरात कवा काय धड सांगता?" सुलाबाईंनी पंप पाठीवरून उतरवून बांधावर ठेवला. "आन् माजं सोडा. नऊ वरसं लोकास्नी सांगताय, मशीन खोटं बोलत न्हाई, गाडीत काय हाय ते बघा. मग आज तुमच्या गाडीला कमी दावलं, तर तुमी का न्हाई बघितलं गाडीत? निगालासा मशिनाला कुलूप लावून."

 आप्पासो बांधावर बसले. वायरी उपटून झाल्या होत्या, बेअरिंग तपासून झालं होतं, केबलच्या आईबापाचा उद्धार झाला होता. टाकीचं झाकण मात्र त्यांनी उघडलं नव्हतं. माझ्या गाडीत काय खोट असणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. अगदी त्या पोरांसारखं. आणि लाज वाटली ती याचीच.

त्यांनी शिवतेजला फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं. 

"आप्पा," शिवतेज म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की आता. मी एकशे सत्तेचाळीसचा स्टेटस ठिवलाय. लोकांनी अभिनंदन केलंय."

"किल्ली दे."

"देतो. पर त्ये पंधरा टक्के ठिवा."

"मग ठेव किल्ली तुज्यापशीच. गोठ्यात कुलपं लय हायत माज्या, आन् तोडायला कटर बी हाय. पर मी तोडणार न्हाई. जबान दिलीया."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी आजवर कधी केली नव्हती. त्यांनी ग्रुपवर लिहिलं. खाली निळ्या डब्याचा फोटो टाकला. 'मशीन खरे होते. गाडीत फवारणीचे पेट्रोल होते. चूक माझी. येत्या रविवारी नऊ वाजता पुन्हा, किल्ली आली तर.' ग्रुपवर हसण्याची चित्रं दोन दिवस पडत होती. 'आप्पांची गाडी आल्यावर फवारा', 'करपा गेला का?' असलं बरंच. आप्पासो दात खाऊन वाचत राहिले.

शिवतेज येणार नाही, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण धैर्यशीलनं खाली एक ओळ लिहिली, 'सातारकर भ्याला वाटतं', आणि रविवारी पावणेनऊला शिवतेज किल्ली घेऊन शटरसमोर उभा होता. या वेळी मिळून सात-आठच माणसं आली होती. घोडे कमी व्हायला कोण येतो?

आप्पासोंनी टाकी पूर्ण रिकामी करून हायवेवरच्या पंपावर स्वतः समोर उभं राहून पेट्रोल भरून घेतलं होतं. गाडी चढवली. शंभर. दुसऱ्यांदा शंभर. तिसऱ्यांदा नव्व्याण्णव. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण हळूच म्हणाला, "मागल्या ऐतवारचं मशीन बरं हुतं."

आप्पासो टेबलाकडं गेले. मागच्या रविवारचा सत्त्याऐंशीचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. त्यावर त्यांनी सगळ्यांदेखत सही केली, तारीख घातली, खाली लिहिलं, 'गाडी माझी, पेट्रोल माझे, आकडा बरोबर', आणि तो चिकटपट्टीनं भिंतीवर लावला, पाटीच्या बरोबर खाली.

मग शिवतेजची गाडी चढली. एकशे अठ्ठावीस. मागच्या वर्षी आला होता तोच आकडा, एक घोडा इकडं नाही की तिकडं. आप्पासो वाट बघत होते, आता पुणं निघणार, हवामान निघणार. शिवतेजनं कागद घेतला. भिंतीकडं बघितलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"बराबर हाय, आप्पा," तो म्हणाला.

नऊ वर्षांत हे वाक्य त्या शेडमध्ये पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. आप्पासोंना पंख्याचं बटण नीट दिसेना. त्यांनी उगाचच खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि धैर्यशीलची गाडी रोलरवर घेतली.

एकशे सत्तावीस.

"एकच घोडा?" धैर्यशील ओरडला. "न्हाई न्हाई, आप्पा, ह्ये बराबर न्हाई. टायरात हवा कमी हाय. आन् कोल्हापूरच्या मशिनवर मला..."

आप्पासोंनी दीर्घ श्वास घेतला. पाना उचलला, आपटायला वर नेला आणि तसाच खाली ठेवला. मग भिंतीवरच्या सत्त्याऐंशीकडं बोट दाखवलं.